जनकाबाईच्या ओव्यांची टेप

१

मेलेल्या बाईचा आवाज चोरून कोणी काय करणार? बुधवारी सकाळी कोणी असली शंका काढली असती तर सत्यभामाबाईनं त्याला वेड्यात काढलं असतं. बुधवारी दुपारी साऱ्या गल्लीसमोर चोरीचा आळ तिनंच घेतला, आणि इतक्या जोरात घेतला की मांडवाच्या मेढीला बांधलेलं वासरू दावं तोडायला लागलं.

झालं होतं ते असं. उंद्रीच्या माळी गल्लीत लग्नाचा मांडव पडला होता. नवरी रुखमा, सत्यभामाबाईच्या धाकट्या जावेची, जनकाबाईची लेक. जनकाबाई मागच्या श्रावणात गेली. तेव्हापासून पोर मोठीमायच्या, म्हणजे सत्यभामाबाईच्याच हाताखाली होती. पोरीनं साडीचा हट्ट केला नाही, डागिन्याचा केला नाही. हट्ट एकच. शुक्रवारी सकाळी हळदीचं जातं फिरेल ते मायच्या ओवीवर. ओवी नसेल तर हळद गिरणीतून दळून आणा, मी जात्याला हात लावणार नाही.

ओवी होती. दोन वर्षांमागं माघात शाळेच्या भालचंद्र मास्तरानं जनकाबाईच्या नऊ ओव्या टेप करून घेतल्या होत्या, शाळेच्या चकतीवाल्या मोठ्या मशीनवर. मशीन पुढं तालुक्याला जमा झालं, चकती मास्तराजवळ राहिली. आता चकती वाजवायची कशावर? मास्तरानं ती चिखलीला शालिग्रामच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात नेली आणि आवाज छोट्या क्यासेटीत उतरवून आणला. सोबत सेलवर चालणारं क्यासेटीचं मशीनही मागून आणलं, कारण माळी गल्लीत लाइट अजून यायचा होता.

मास्तरानं खटका दाबला. जात्याची घरघर आली, आणि मग ओवी:

लेक चालली सासरी, वाफा मेथीचा मोकळा
उपटल्या जुडीसंगं, गेला मातीचा गोळा

शब्द जनकाबाईचे, यात शंका नाही. पण गळा? जनकाबाईचा आवाज जाड, घोगरा, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. आणि हा होता पातळ, चिरका, सोळा वर्षांच्या पोरीचा. तिसऱ्या-चौथ्या ओवीला तर तो आणखीच बारीक झाला.

"मोठीमाय," रुखमा म्हणाली, "हे माही माय नाही." आणि उठून आत गेली.

गल्लीतल्या बायांच्या माना एकदम प्रतिमाकडे फिरल्या. प्रतिमा सत्यभामाबाईची सून, गुलाबरावची बायको, जळगाव जामोदची, सातवी शिकलेली. आरती म्हणायला लागली की असाच बारीक गळा. टेप झाल्यावर मशीन मुक्कामाला होतं ते सत्यभामाबाईच्या ओसरीवर, आणि दुसऱ्या दिवशी मास्तर न्यायला येईपर्यंत घरात होती एकटी प्रतिमा. जनकाबाईनं तिला चारचौघींत भाकरीवरून बोललेलं कोणी विसरलं नव्हतं.

"त्वा पुसली काय वं माह्या जावेची टेप?" सत्यभामाबाई ओरडली. "तिचा गळा पुसून तुहा भरला? चोट्टे!"

मेढीला टेकून गुलाबराव उभा होता. दिवसाढवळ्याही काखेत ती लांबलचक ब्याटरी, सासऱ्यानं लग्नात दिलेली. तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "जाऊ दे ना माय. जुनी टेप, खराब झाली असन."

"खराब झाली तं खरखरन! पोरगी काऊन होइन?"



२

प्रतिमानं रडारड केली नाही. आत जाऊन पिशवी भरली आणि पिशवी घेऊनच ओसरीवर आली.

"आत्याबाई, उद्याच्या एस्टीनं मी मायेरी चालली. चोट्टी म्हणून या घरात भाकरी थापणार नाही."

"जाय! कोण धरून राह्यलं?"

"जातो. पण जाता जाता एक विचारतो. टेपमंधी मी गायली म्हणता, तं जातं कोणी फिरवलं? मले जातं येते? तुम्हीच तं रोज गल्लीभर सांगता, गिरणीवाली सून भेटली, खुंट्याले हात लावला का हातात फोड येते म्हणून."

सत्यभामाबाईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. गल्लीनं हे दृश्य तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ठेव ते पिशवी खाली," ती अखेर म्हणाली. "एस्टी काही उद्याच्यानं बंद नाही होऊन राह्यली. मास्तर, लावा ते पुन्हा. पहिल्यापासून."

दुसरीतून उठवलेली बाई. तिचा हिशेब बोटांवर. ती मशीनसमोर मांडी घालून बसली आणि डोळे मिटले. ओवी ऐकतच नव्हती ती. ती ऐकत होती जातं.

अठ्ठावीस वर्षं ती आणि जनकाबाई एकाच जात्यावर समोरासमोर बसल्या होत्या. भांडल्या तरी तिथंच, अबोला धरला तरी खुंटा एकच. जनकाबाईची एक ओवी म्हणजे अकरा फेरे, कमी नाही, जास्त नाही. सहाव्या फेऱ्याला ती उजवा हात सोडून जात्यात ज्वारीची मूठ टाकायची, आणि तेवढा अर्धा फेरा दगड जड व्हायचा. हे जगात दोघींनाच माहीत होतं, त्यातली एक आता नव्हती.

सत्यभामाबाईनं बोटं मोडली. पहिली ओवी, अकरा फेरे. सहाव्याला जात्याचा आवाज दबला. दुसरी ओवी, अकरा. सहाव्याला दबला. नवव्या ओवीपर्यंत तेच. नववी संपताच तिनं हात वर केला, मास्तरानं मशीन बंद केलं.

"हात जनकेचा हाय," ती म्हणाली.

"पण बाई, आवाज?" मास्तर म्हणाला. तो बुलडाण्याचा, नेमका बोलणारा.

"मास्तर, तुम्ही कधी ज्वारी दळली? नाही. इतक्या जोरानं जातं फिरवाले बाई नाही, इंजन लागते. पीठ जळून जाइन. अन् ते बी फेरा न चुकवता, मूठ न चुकवता!" ती उठून उभी राहिली, आणि राग आता दुसऱ्याच दिशेला निघाला. "गळा बी तिचाच, जातं बी तिचंच. दोन्ही मिळून पळून राह्यले. कोणी बदलली नाही माही जाऊ. कोणी तरी पळवून राह्यलं तिले!"

प्रतिमानं पिशवी खाली ठेवली नाही. पण ती दारातून हललीही नाही.

"शुक्रवारची हळद पाहून जातो," ती म्हणाली.

३

गुरुवारी पहिल्या एस्टीनं सत्यभामाबाई मास्तराला घेऊन चिखलीला गेली. शालिग्राम दुकान झाडत होता. पायरी चढायच्या आधीच तिनं सुरू केलं.

"काय हो शालिग्रामभाऊ, उतरवाले देल्ली होती म्हातारी, तुम्ही पोट्टी बांधून देल्ली! कोणतं मशीन वापरता, मिरच्या कांडाचं?"

शालिग्राम पन्नाशीचा, शांत, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं पाणी पुढं केलं. तिनं घेतलं नाही. मग त्यानं न बोलता एका गिऱ्हाइकाची भजनाची चकती मशीनवर चढवली. बुवांचा भरदार आवाज दुकानभर झाला. ती बुवांना ओळखत होती. तोच आवाज, तोच दम.

"माहं मशीन पळते काय, बाई?"

"तुमचं नाही पळत," तिला कबूल करावं लागलं, आणि कबूल करावं लागल्याचा तिला आणखी राग आला. "मंग आमचीच काऊन पळते?"

त्यानं जनकाबाईची चकती लावली. तोच बारीक आवाज. म्हणजे क्यासेटीत उतरवताना काही बिघडलं नव्हतं. जे चकतीत होतं तेच उतरलं होतं. ती पुन्हा बोटं मोडत बसली, पण या वेळी फेरे मोजत नव्हती, फेऱ्याला लागणारा वेळ मापत होती.

"तुमचं हे मशीन सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखंच चालते ना?"

"हाव. लाइटवर हाय. एकसारखंच चालते."

"मंग ऐका. पहिल्या ओवीले जनका जराशी पळते. पाचवीले दौडते. नववीले तं भिंगरीच होते. तुमच्या मशीनचा दोष असता तं पहिल्यापासून सारखीच पळाली असती. हे हळूहळू वाढलेलं दुखणं हाय."

शालिग्रामनं चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्ही माह्या दुकानात या कामाले."

"मस्करी नका करू. बोला."

"मशीन आवाज भरताना हळू चाललं, तं वाजवताना तो पळते. भरताना जेवढं हळू, वाजवताना तेवढा जोर, अन् गळा तेवढाच बारीक. चकतीवर भरून राह्यले तवा मशीन दमत गेलं. सेल बसले असतील."

"अशक्य!" मास्तर उसळला. "सहाच्या सहा सेल कोरे होते. त्याच दिवशी सकाळी मी याच बाजारातून आणले, स्वतः मशीनमध्ये घातले, आणि मशीन बाईंच्या ओसरीवर ठेवून शाळेत गेलो. चार वाजता आलो, टेप केली."

"तवाच वाजवून पाह्यली नाही?"

"पाहिली ना. पहिली ओवी तिथंच जनकाबाईंना ऐकवली. बरोबर वाजली." मास्तर थांबला. "बरोबर म्हणजे... थोडी जाडच वाटली. मला वाटलं, दळून बाई थकल्या असतील."

शालिग्रामनं मांडीवर थाप मारली. "त्याच बसलेल्या सेलवर भरली, त्याच सेलवर वाजवली! बरोबरच लागन. तोवर सेल आणखी बसले, म्हणून जाड लागली. चांगल्या मशीनवर चढवली का पळाली."

"पण सेल नवे होते हो!"

"ते सेल मंग काढले कधी?" सत्यभामाबाईनं विचारलं. तिचा आवाज खाली आला होता, आणि ज्यांना ती माहीत होती त्यांना हे ओरडण्यापेक्षा वाईट लक्षण वाटलं असतं.

"आठेक दिवसांनी. त्याचा मला अजून संताप येतो. सहातले तीन फुटून हिरवट पाणी गळत होतं, आणि त्यांची कंपनीही वेगळी. मी दुकानदाराला जाऊन शिव्या दिल्या, सहा नव्यांत तीन जुने मिसळून दिलेस म्हणून. तो शपथा घेत होता बिचारा."

"तीन," सत्यभामाबाई म्हणाली. "मास्तर, नीट आठवा. दोन नाही, चार नाही. तीन?"

"तीन."

परतीच्या एस्टीत ती बोटांवर सेल मोजत बसली. उंद्रीत घरोघर ब्याटरी होती, दोन सेलची, आखूड. तीन सेलची लांब ब्याटरी गावात एकच होती. ती ज्याच्या काखेत असायची त्याला तिनं नऊ महिने पोटात वाढवलं होतं.

४

गुलाबराव मळ्यात वांग्याला पाणी देत होता. आईला बांधावरून येताना पाहून त्यानं फावडं टाकलं. उचललं. पुन्हा टाकलं.

"गुलाब, त्या माघात आपले वांगे काऊन वाळले होते रे?"

"कोणते वांगे?"

"जनकेची टेप झाली त्या हप्त्यातले. रोज सांजीले ब्याटरी घेऊन पाणी द्याले जात होता तू. पाणी देल्लं असतं तं वाळले नसते. कुठी जात होता?"

गुलाबराव पाटातल्या पाण्याकडे पाहू लागला.

"जत्रेत तमाशा होता, माय. तीन दिवस. वाटेत नाला लागते, अन् ब्याटरीचे सेल बसले होते. गावात दुकानात सेल नव्हते. दुपारी ओसरीवर मास्तरचं मशीन होतं..."

"त्याचे तीन काढले, तुहे तीन मेलेले त्यात भरले."

"मले काय माहीत आवाज पळन म्हणून! म्हणलं, सेल तं सेल. चालन तं चालन, नाही तं मास्तर दुसरे आणन."

सत्यभामाबाईनं हे ऐकून घेतलं. सेलांचं तिला फारसं काही वाटलं नाही; पोरांनी सेल चोरले, वांगी वाळवली, यापेक्षा मोठे उद्योग तिनं पचवले होते. तिनं विचारलं ते दुसरंच.

"बुधवारी आवाज ऐकला तवा तुले समजलं?"

"समजलं नाही. पण... ते सेल आठवले."

"आठवले! अन् मी तुह्या बायकोले चोट्टी म्हणून राह्यली होती, साऱ्या गल्लीपुढं, तवा तुही जीभ कुठी होती बे? जत्रेत? तिच्या बापानं देल्लेली ब्याटरी काखेत मारून उभा होता अन् अंगठा पाहून राह्यला होता!"

"तुह्या तोंडापुढं कोण बोलते, माय?" गुलाबराव एकदम म्हणाला. "तू बोलाले लागली का कोणाले जागा ठेवते काय?"

हे मात्र लागलं. तिनं पदर खोचला आणि हुकूम केला.

"चाल. आज सांजीच्या आत गल्लीतलं एकेक घर घ्याचं. मेलेले सेल मागाचे. लोकं छपराच्या कवेलूवर उन्हात वाळू घालते, पुन्हा जीव येइन म्हणून, ते सारे. कोणी विचारलं कायले पाह्यजे, तं सांगाचं कायले. पहिल्यापासून. तमाशापासून."

"माय!"

"अन् पहिलं घर आपलं. तथी पिशवी भरून बसली हाय, तिले सांग. बाकीचे मागून."

५

शुक्रवारी सकाळी मांडवात जातं मांडलं होतं, खुंट्याला हळकुंड बांधलेलं. पण सत्यभामाबाईनं हळदीच्या जात्याला हात लावला नाही. तिनं आपलं जुनं जातं बाजूला मांडलं, मापभर ज्वारी घेतली आणि बसली. समोर मास्तर, क्यासेटीचं मशीन आणि टोपलीभर मेलेले सेल. गुलाबरावनं गल्ली पालथी घातली होती. काल सांजेपासून त्याला पाहिलं की बाया तोंडाला पदर लावत होत्या.

"कालच्या गोठीवरून एवढं तं समजलं," ती मास्तराला म्हणाली, "बसलेल्या सेलवर भरलं ते बसलेल्या सेलवर बरोबर वाजते. आता किती बसलेले, ते जातं सांगन. काढा एक नवा, घाला एक जुना."

मास्तरानं घातला. खटका दाबला. ती ज्वारीवर आपल्या रोजच्या दमानं जातं फिरवू लागली. टेपमधलं जातं तिच्या पुढं धावत होतं.

"अजून एक."

दोन जुने. टेपमधली पोर आता बाई झाली होती, पण घाईतली बाई.

"अजून."

तीन जुने. मशीन कण्हलं, ओवी लोळत लोळत बंदच पडली. मांडवात कोणीतरी हसलं. सत्यभामाबाईनं त्या दिशेला नुसतं पाहिलं, हसणं संपलं.

"हा फारच मेलेला दिसते. दुसरा घाला, जरा धुगधुगी असलेला."

पाच वेळा सेल बदलले. सहाव्यांदा टेपमधलं जातं आणि मांडवातलं जातं एका फेऱ्यात आले. दोन दगडांची घरघर एक झाली. सहाव्या फेऱ्याला टेपमधली मूठ पडली, आणि सत्यभामाबाईचा हातही त्याच फेऱ्याला आपोआप मुठीसाठी उठला. मग त्या घरघरीवर जनकाबाईचा आवाज आला. जाड, घोगरा, रांजणातला.

आतल्या दाराचा पडदा हलला. रुखमा उंबऱ्यावर उभी होती. तिनं कोणाला काही विचारलं नाही. ती सरळ येऊन हळदीच्या जात्यापाशी बसली आणि खुंटा धरला.

"थांबवा, मास्तर," सत्यभामाबाई म्हणाली. "गुंडाळून पहिल्यापासून लावा. चला सवाशिणी, बसा. प्रतिमा, ये."

प्रतिमा दारातच होती. पिशवी तिच्या पायापाशी होती.

"चोट्टी हळदीले हात लावत नाही, आत्याबाई."

गुलाबराव मेढीमागं सरकला. काख आज मोकळी होती.

"मंग काय करू? पाया पडू तुह्या?"

"पाया नका पडू. साऱ्यांपुढं म्हणलं, साऱ्यांपुढं मागं घ्या."

सत्यभामाबाईचं नाक फुललं. आयुष्यात तिनं दिलेली शिवी परत घेतली नव्हती. दिलेलं परत घेणं हेच तिला कमीपणाचं वाटायचं. तिनं रुखमाकडे पाहिलं. रुखमा खुंटा धरून वाट पाहत होती, मायची.

"घेतलं मागं!" ती गर्जली, इतकी की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलं. "माही सून चोट्टी नाही! चोट्टा माहा पोरगा हाय, अन् येडी, बयताड मी! ऐकू आलं का साऱ्यांले? का फोड करून सांगू?"

"आलं," प्रतिमा म्हणाली. पिशवी पायानं आत सरकवून ती जात्यापाशी येऊन बसली. तिला खुंटा धरता येत नव्हता. रुखमानं तिचा हात आपल्या हाताखाली घेतला.

जनकाबाई नऊ ओव्या गायली. दर ओवीला अकरा फेरे. हळद पिवळी झरत राहिली. रुखमा रडली नाही, फक्त प्रत्येक सहाव्या फेऱ्याला थोडी थांबायची, कारण माय थांबायची. सेल बसत चालले तसा आवाजही जरा जाड होत गेला, आणि बायांना वाटलं, ही खरीच दमली.

नववी ओवी संपली. या वेळी मास्तराचा हात खटक्यापर्यंत पोचायच्या आधी टेपमधलं जातं थांबलं, आणि जनकाबाई बोलली. गायली नाही, बोलली:

"झालं काय, मास्तर? करा बंद. अन् हे मोठ्या जाऊबाईले ऐकवू नका बरं. सकाळपासून फुगून मळ्यात जाऊन बसली, माही टेप काऊन नाही म्हणून. आता तिचा तं गळा फाटक्या फडक्यावाणी. पण चुका माह्याच काढन."

मग पहिल्यांदा रुखमा हसली, हळदीच्या हातानं तोंड दाबून, आणि मग मांडवच हसला. मास्तर खाली मान घालून क्यासेट काढू लागला.

"राहू द्या!" सत्यभामाबाई लालबुंद झाली होती. "काढता काय? गुंडाळा मागं. तेवढंच वाजवा पुन्हा. फाटकं फडकं म्हणे! तिले कोणी शिकवल्या ह्या ओव्या? विचारा तिले! लावा!"

मास्तरानं लावलं. जनकाबाई पुन्हा बोलली. सत्यभामाबाईनं तिला उत्तर दिलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा उत्तर दिलं. असं सात वेळा, आणि साती वेळा उत्तर वेगळं.